तोच वाडा, तेच भूत, मग भीती कुठं गेली?

१९९८ साली गस व्हॅन सँट या दिग्दर्शकानं एक विचित्र हट्ट धरला. आल्फ्रेड हिचकॉकचा १९६० चा 'सायको' त्याला नव्यानं काढायचा होता. नुसती कथा घेऊन नव्हे, जवळपास शॉटला शॉट. कॅमेरा होता तिथंच, संवाद बहुतेक तेच, बर्नार्ड हरमनचं कानाला टोचणारं व्हायोलिनसुद्धा तेच. नट तेवढे नवे आणि चित्र रंगीत. नायिका जी रक्कम चोरून पळते, ती महागाईच्या हिशेबानं चाळीस हजार डॉलरवरून चार लाखांवर नेली. हिचकॉकचा सिनेमा सुमारे आठ लाख डॉलरमध्ये झाला होता. या नव्याला सहा कोटी लागले, आणि तिकीटबारीवर चार कोटीही आले नाहीत. वर्षातल्या वाईट सिनेमांची टर उडवणारे 'रॅझी' पुरस्कार मात्र मिळाले.

बहुतेकांनी हा मूर्खपणा म्हणून सोडून दिला. मला तो फार कामाचा वाटतो. भयपटाचा रीमेक कधी जमतो आणि कधी फसतो, हे समजून घ्यायला याच्याइतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही. सगळं जसंच्या तसं ठेवलं तरी भीती उरली नाही. म्हणजे पडद्यावर जे दिसत होतं त्यात ती नव्हतीच.

ती होती १९६० च्या प्रेक्षकाच्या डोक्यात. तो तिकीट काढून बसला तेव्हा त्याला काही गोष्टी पक्क्या ठाऊक होत्या. जॅनेट ली ही मोठी नटी आहे, पोस्टरवर तिचं नाव आहे, सिनेमा तिचा आहे, म्हणजे शेवटपर्यंत ती असणार. तिनं पैसे चोरलेत. आता पकडली जाते की परत करते, एवढाच प्रश्न. आणि पाऊण तास होतो न होतो तोच हिचकॉक तिला न्हाणीघरात मारून टाकतो. खुनाचा प्रसंग पाऊण मिनिटाचा. पण त्यानंतरचा तासभर प्रेक्षकाच्या पायाखाली जमीनच राहत नाही, कारण ज्या माणसाचा हात धरून तो गोष्टीत शिरला होता तो माणूसच गेला. हे गुपित फुटू नये म्हणून सिनेमा सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही, असा नियम हिचकॉकनं थिएटरांना घालून दिला होता. (इंटरव्हलला समोसा घेऊन अंधारात दुसऱ्याच्या पायावर पाय देत परतणाऱ्या आपल्या पब्लिकला हा नियम किती झेपला असता, कोण जाणे.)

१९९८ च्या प्रेक्षकाला मात्र न्हाणीघरातला तो पडदा, ती सावली, तो सुरा, सगळं आधीच माहीत. मूळ सिनेमा न पाहिलेल्यांनाही माहीत. माझा काटोलचा भाचा यंदा नागपुरात इंजिनिअरिंगला आहे. त्याला मी जुना 'सायको' पाहा म्हटलं तर म्हणतो, "मामा, मले तो बाथरूमवाला सीन मालूम आहे ना, मंग काऊन भेव वाटन?" कृष्णधवल सिनेमांशी त्याचं एकूणच वाकडं आहे, तो भाग वेगळा. पण त्याचा मुद्दा बिनतोड आहे.

इथं भीतीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आपण दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देतो. एक असतं दचकणं. मागून एकदम मोठा आवाज झाला की डोळे मिटतात, खांदे वर जातात. हे इतक्या झटकन होतं की विचाराला वेळच मिळत नाही. मेंदूच्या खालच्या थरातलं ते काम. सगळं सामसूम असताना अचानक मांजर अंगावर येतं, दार आपटतं, ते दृश्य याच्यावर चालतं. दिग्दर्शक बेताचा असला तरी चालतं, म्हणून स्वस्त भयपटांत त्याचा पूर येतो. दुसरी असते धास्ती. काहीतरी होणार आहे, कधी आणि कुठून ते कळत नाही, आणि आपण खुर्चीच्या हातावरची पकड सैल करायला तयार नाही. ही धास्ती आपल्या अज्ञानावर जगते. दचकवणं नव्या सिनेमात पुन्हा करता येतं, नवा आवाज टाकला की झालं. धास्ती जशीच्या तशी पुन्हा नेता येत नाही, कारण पहिल्या सिनेमानं ती वापरून संपवलेली असते. शिवाय तीच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली आणि त्यातून अपाय झाला नाही, की मेंदू तिची दखल घेणं कमी करतो. रीमेकवाल्याची खरी अडचण ही आहे: लोक नावाला ओळखतात म्हणून तिकीट काढतात, आणि ओळखतात म्हणूनच घाबरत नाहीत.

मग जमलेले रीमेक काय करतात?

नागपूरच्या माणसाला हे समजायला फार लांब जायला नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडं मारबत निघते. काळी आणि पिवळी, दोन्ही एकोणिसाव्या शतकापासून. दरवर्षी पुतळे नव्यानं बांधायचे, इतवारी-महालच्या गर्दीतून मिरवायचे, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणत शेवटी जाळायचे. मारबतीचं रूप ठरलेलं असतं. तिच्यासोबत निघणारे बडगे, तेही पुतळेच, मात्र दरवर्षी वेगळे. कधी महागाई, कधी भ्रष्टाचार, कधी रस्त्यातले खड्डे, कधी एखादा परदेशी पुढारी. त्या वर्षी लोकांना जे छळतंय त्याचा बडग्या होतो. चांगला रीमेक असाच चालतो: मारबत ठेवतो, बडगे बदलतो. व्हॅन सँटनं १९६० चे बडगे तसेच मिरवायला काढले. त्याच्या उलट चूक करणारेही आहेत, जे मारबतच घरी विसरतात.

'द फ्लाय' पाहा. १९५८ च्या सिनेमात शास्त्रज्ञ पदार्थ एका जागेहून दुसऱ्या जागी पाठवायचं यंत्र बनवतो, त्यात माशी शिरते, आणि माणसाला माशीचं डोकं येतं, माशीला माणसाचं. अदलाबदल एका झटक्यात. त्या काळाला ते पुरे होतं. अणुबाँब होऊन दहा-बारा वर्षं झालेली, यंत्र बिघडलं तर काय याचा सगळ्यांना धसका. १९८६ मध्ये डेव्हिड क्रोनेनबर्गनं यंत्र ठेवलं, माशी ठेवली आणि तो झटका काढून टाकला. त्याच्या सिनेमात माणूस हळूहळू बदलतो. आधी ताकद वाढते, मग पाठीवर राठ केस, मग नखं गळतात, दात पडतात, आणि प्रेयसी हे सगळं बघत शेजारी असते. त्या वर्षांत एड्सची दहशत होती, म्हणून अनेकांनी सिनेमा त्या अंगानं वाचला. क्रोनेनबर्गचं स्वतःचं म्हणणं जास्त साधं: म्हातारपण आणि आजार प्रत्येकाला येतोच. घरात कुणाचं लांबलेलं दुखणं काढलंय त्याला हा सिनेमा माशीचा वाटतच नाही. त्याच्या रंगभूषेला ऑस्कर मिळालं, ते योग्यच. पण माणसं रडली ती रंगभूषेमुळं नाही.

'द थिंग'ची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे, आणि या विषयात माझी सगळ्यात आवडती. १९३८ मध्ये जॉन कॅम्पबेल यानं एक दीर्घकथा लिहिली. बर्फात अडकलेल्या संशोधकांच्या तळावर परग्रहावरचा एक जीव जागा होतो, आणि तो कुणाचंही हुबेहूब रूप घेऊ शकतो. १९५१ मध्ये यावर सिनेमा निघाला, पण रूप बदलणं तेव्हाच्या तंत्राला झेपणारं नव्हतं. म्हणून जीवाचा उंचापुरा राक्षस केला, तोही वनस्पतीपासून झालेला. सिनेमा चालला. लोक एकजुटीनं राक्षसाला मारतात, शेवटी आकाशाकडं लक्ष ठेवा असा इशारा. शीतयुद्धाच्या सुरुवातीला हे बरोबर बसलं.

१९८२ मध्ये जॉन कार्पेंटरनं 'द थिंग' पुन्हा केला तेव्हा तो १९५१ च्या सिनेमाकडं गेलाच नाही, त्याच्याही मागं कथेकडं गेला. आता भीती राक्षसाची नव्हती. बारा माणसं एका तळावर, बाहेर अंटार्क्टिकाची रात्र, आणि शेजारी जेवायला बसलेला माणूस माणूसच आहे का, हे कळायला मार्ग नाही. त्यातला रक्त तपासण्याचा प्रसंग आठवा. दोरीनं बांधलेली माणसं, काचेच्या बशांत प्रत्येकाचं रक्त, आणि तापलेली तार. तिथं दचकवणंही आहे, पण ते येईपर्यंत आपण धास्तीनं अर्धे झालेलो असतो. रॉब बॉटिननं रबर, रसायनं आणि यंत्रांच्या जोरावर जे किळसवाणे आकार केले, ते आजही संगणकाच्या चित्रांपेक्षा जास्त खरे वाटतात.

आणि हा सिनेमा पडला! 'ई. टी.' नंतर दोनच आठवड्यांनी तो लागला. त्या उन्हाळ्यात अमेरिकेला परग्रहावरचा जीव गोड हवा होता. समीक्षकांनी झोडपलं, कार्पेंटरच्या हातून पुढचा एक सिनेमाही गेला. व्हिडिओ कॅसेटवर लोकांनी तो हळूहळू शोधला, आणि आता सर्वोत्तम भयपटांच्या बहुतेक याद्यांत तो असतो. तेव्हा 'रीमेक यशस्वी झाला का' हे विचारताना कोणत्या वर्षी विचारताय तेही सांगा. पहिल्या आठवड्याचा गल्ला हा एक हिशेब, वीस वर्षांनी कोण पुन्हा लावून बघतं हा दुसरा.

याच नावानं २०११ मध्ये आधीची कथा सांगणारा आणखी एक सिनेमा आला. त्यासाठी खरेखुरे पुतळे आणि यंत्रं बनवली होती, पण नंतर त्यांतल्या बऱ्याचशांवर संगणकाची चित्रं चढवली. तो विसरला गेला.

जास्त दाखवून कमी घाबरवणं म्हणजे काय, हे बघायचं तर 'द हाँटिंग'. १९६३ च्या सिनेमात भूत दिसतच नाही. दारावर धडका बसतात, लाकडी दार आतल्या बाजूला फुगतं, एवढंच. १९९९ च्या रीमेकमध्ये वाडाच जिवंत होतो, पुतळे हलतात, भूत छतभर पसरतं. पाहणारा शांतपणे पॉपकॉर्न खातो.

जपानच्या 'रिंगू'बद्दल थोडं थांबतो, कारण तिथं आपली पिढी पाहुणी नाही. १९९८ चा हिदेओ नाकाताचा सिनेमा: एक व्हिडिओ कॅसेट आहे, ती पाहिली की सात दिवसांत मरण. वाचायचं तर कॅसेटची प्रत करून दुसऱ्याला दाखवायची. पांढऱ्या कपड्यातली, केसांनी चेहरा झाकलेली सादाको ही जपानी लोकांच्या जुन्या चित्रांतली, नाटकांतली भुताची ओळखीची आकृती. हॉलिवूडनं २००२ मध्ये 'द रिंग' केला तेव्हा अमेरिकन प्रेक्षकाला ती परंपरा माहीत नव्हती. तरी सिनेमा जगभर सुमारे पंचवीस कोटी डॉलर कमावून गेला, मूळ सिनेमाच्या नावाचं ओझं तिथल्या फार थोड्यांवर होतं म्हणूनही. पण भूत बाजूला ठेवलं तरी कॅसेट उरते, आणि कॅसेट सगळ्यांच्या घरी होती. व्हीसीआर भाड्यानं आणून रात्रभर तीन-तीन सिनेमे बघणाऱ्या आपल्या मोहल्ल्यांना ती काळी पेटी हातात धरल्यावरचं वजन आठवत असेल. बिननावाची कॅसेट म्हणजे काय निघेल सांगता यायचं नाही. शिवाय प्रत काढायची तर दोन यंत्रं जोडा, तासभर बसा. म्हणजे दुसऱ्याच्या गळ्यात मरण बांधताना विचार करायला भरपूर वेळ. २०१७ च्या 'रिंग्ज'मध्ये कॅसेटची संगणकातली फाइल झाली आणि बोटाच्या एका टिचकीनं सगळीकडं जायला लागली. पाप करायला कष्टच उरले नाहीत, तेव्हा पापाचं भेवही उरलं नाही.

आता घराजवळ येऊ. 'मणिचित्रताळ' हा १९९३ चा मल्याळम सिनेमा. दिग्दर्शक फाझिल, लेखक मधू मुट्टम. आपण तो 'भूलभुलैया' म्हणून ओळखतो. जुना वाडा, कुलूप लावलेली खोली, एका नर्तकीचा सूड, आणि नव्या सुनेच्या अंगात शिरलेलं काहीतरी. मानसोपचारतज्ज्ञ येऊन सांगतो की भूत नाही, मनाचा आजार आहे. सुनेच्या भूमिकेसाठी शोभनाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढं कन्नड, तमिळ, बंगाली, हिंदी असे रीमेक निघाले.

यांत भीतीची किल्ली कुठं आहे? सून एका क्षणी परकी भाषा बोलायला लागते. मल्याळम घरातली गंगा नागवल्ली होते तेव्हा तमिळ बोलते, कारण नर्तकी तंजावरची. रोजची आपली बायको, आपली वहिनी, चेहरा तोच, आणि तोंडातून परमुलुखाची बोली. तमिळमध्ये 'चंद्रमुखी' करताना तमिळ बोलणारं भूत ठेवलं असतं तर चेन्नईत कुणाच्या अंगावर काटा आला असता? म्हणून तिथं नर्तकी तेलुगू झाली. हिंदीत मंजुलिका बंगाली झाली. हा बदल वरवरचा दिसतो, पण सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. शब्द सोडले आणि परकेपणा धरला, म्हणून गोष्ट टिकली. 'भूलभुलैया' करणारा प्रियदर्शन मूळ मल्याळम सिनेमाच्या दुसऱ्या चित्रीकरण पथकात दिग्दर्शक होता, हे कळलं की त्याला किल्ली कशी सापडली याचं नवल वाटत नाही. तरी माझं मत विचाराल तर हिंदीत विनोदाची खोगीरभरती जास्त झाली, आणि सिनेमा विद्या बालननं एकटीनं ओढून नेला. २०२२ च्या दुसऱ्या भागात तर खरंखुरं भूत आलं. ज्या गोष्टीचा कणाच 'भूत नाही' हा होता, तिच्या नावावर भूत! मारबत घरी विसरणं म्हणतात ते हे. सिनेमा मात्र तुफान चालला, तेव्हा माझ्या मताची किंमत काय ते तुम्हीच ठरवा.

मराठीत 'झपाटलेला' आठवल्याशिवाय हा विषय पुरा व्हायचा नाही. रीतसर रीमेक तो नव्हे, पण गुन्हेगाराचा आत्मा बाहुल्यात शिरतो हा धागा १९८८ च्या 'चाइल्ड्स प्ले'चा. महेश कोठाऱ्यांनी १९९३ मध्ये त्याची विनोदी भुताटकी केली आणि बाहुला दिला रामदास पाध्ये यांच्या हाती. अमेरिकेत ते दुकानातलं खेळणं होतं. आपल्याकडं बोलका बाहुला म्हणजे टीव्हीवरचा, पाध्ये यांच्या मांडीवरचा लाडका अर्धवटराव. त्याच्याच जातकुळीतला तात्या विंचू डोळे वटारून बघायला लागला, म्हणून नव्वदच्या दशकातली पोट्टी हसता हसता पलंगाखाली बघायला घाबरायची. २०१९ मध्ये 'चाइल्ड्स प्ले'चा रीमेक आला त्यात आत्माबित्मा काही नाही; घरातल्या सगळ्या यंत्रांशी जोडलेला बाहुला, आणि त्याच्यावरचे लगाम कुणीतरी काढून टाकलेले. बडग्या बरोबर हेरला होता. सिनेमा ठीकच.

'लपाछपी' (२०१७) आणि 'छोरी' (२०२१) ही जोडी तर शिकवणीला घ्यावी अशी. दिग्दर्शक एकच, विशाल फुरिया. आधी मराठी, मग हिंदी. गरोदर बाई, उसाच्या फडातलं एकाकी घर, मुलींच्या जन्माशी जोडलेलं एक जुनं पाप. भाषा बदलली, मुलूख बदलला, ऊस राहिला. राहायलाच हवा होता. फडात शिरलं की चार पावलांवरचं दिसत नाही, सगळ्या दिशा सारख्या, पानं अंग कापतात. चकवा लागायला भूत हवंच असं नाही. दुसरी धास्ती घरातली आहे, मायेनं खाऊ घालणाऱ्या बाईची, आणि ती मराठी-हिंदी दोन्हीकडं कळते. उषा नाईक यांच्या साध्या बोलण्यात जो गारठा आहे तो मला 'छोरी'त कमी जाणवला, आणि शेवटाकडं हिंदी सिनेमा जास्त समजावत बसतो. पण ज्यांनी मराठी पाहिला नाही त्यांना तो घाबरवतो, हे मी घरीच पाहिलं आहे.

उद्या कुणी हीच गोष्ट आमच्या काटोल-नरखेडकडं आणली तर? ऊस तिथं शोभणार नाही. संत्र्याच्या बागेत झाडं ओळीनं, मोकळी मोकळी. बुंध्यांमधून पार पलीकडचं दिसतं. कपाशीत लपायचं तर वाकावं लागेल. तूर डोक्यावर जाते, पण तीही अधल्यामधल्या तासांत. नुसता ऊस काढून संत्रा लावला तर भीती बांधावरच राहील. विदर्भाची भीती वेगळीकडं आहे: मे महिन्याची दुपार, पारा पंचेचाळीसवर, सगळी दारं बंद, रस्त्यावर कुत्रं नाही. भर बाराच्या उन्हात विहिरीकडं जाऊ नको, असं आजी काही उगाच सांगत नव्हती. इथं लपायला जागा नाही ही भीती नव्हे, हाक मारली तर ऐकायला कुणी नाही ही आहे. असा लख्ख उजेडातला भयपट कुणी करायला घेतला तर त्याला मूळचा एक शॉटही ठेवता येणार नाही, आणि तरी तो चांगला रीमेक ठरू शकेल.

निर्माते हे सगळं बघून रीमेक काढतात असं मात्र समजू नका. भयपटाला मोठे तारे लागत नाहीत, खर्च बेताचा, आणि ओळखीचं नाव असलं की निम्मी जाहिरात फुकट होते. एवढं कारण त्यांना पुरतं.

भाच्याचा पुढचा प्रश्न असतो, आधी जुना पाहू की नवा? ज्याचा जीव गुपितात आहे, 'सायको' किंवा 'मणिचित्रताळ'सारखा, त्यात आधी जुनाच. 'द फ्लाय' आणि 'द थिंग' कसेही पाहा, नव्यांचं काही बिघडत नाही. 'द हाँटिंग'चा जुना पाहा आणि थांबा. आणि 'रिंगू' पाहताना उन्हाळा असेल तर कूलर बंद ठेवा. गंमत नाही करत; त्या सिनेमातली अर्धी धास्ती शांततेत आहे, आणि खिडकीतला डेझर्ट कूलर ती पंधरा मिनिटांत पिऊन टाकतो. घाम येईल. तो कशाचा, ते ज्यानं त्यानं ठरवावं.